मोशीला जायचंय? पायात काय घालावं, पिशवीत काय भरावं

डिसेंबरच्या मध्यावर पुण्याजवळ मोशीला ‘किसान’ हे कृषी प्रदर्शन भरतं, जानेवारीत बारामतीला ‘कृषिक’, आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांचे कृषी महोत्सव. या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांत कोणता स्टॉल पाहावा हे विचारणारे थोडे, आणि दिवसभर फिरायचं तर घालायचं काय, न्यायचं काय हे विचारणारेच जास्त आहेत. प्रश्न अगदी योग्य आहे. दुपारी दोनला लोक सावली शोधून बसतात ते पाय भरून आल्यामुळे आणि खांद्यावरच्या पिशवीमुळे. निम्मे मांडव तेव्हा पाहायचेच असतात. म्हणून या वेळी पाय आणि पिशवी यांना जास्त जागा दिली आहे.

गेल्या वर्षी प्रदर्शनासाठी म्हणून नवे स्पोर्ट शूज घेतले. अकरा वाजताच टाचेला फोड आला आणि पुढचा दिवस लंगडत काढला. यंदा सरळ चप्पल घालून जावं का?
— एक वाचक, निफाड

चप्पल नको. गर्दीत मागच्याचा पाय आपल्या टाचेवर पडतो, अवजारांच्या दालनात नांगराचे फाळ आणि रोटाव्हेटरची पाती जमिनीलगत मांडलेली असतात, आणि चपलेचा अंगठा तुटला तर दुरुस्त करणारा तिथे सापडत नाही. रोज कोल्हापुरी वापरणाऱ्यालाही सात-आठ तास चालण्या-उभं राहण्याला तिचा कडक तळ जड जातो. बूट नकोच असतील तर मागे पट्टा असलेले जाड तळाचे सँडल चालतील.

आता फोडाचं. नव्या बुटाची टाच कडक असते. त्यात सुती मोजा घामाने भिजतो आणि भिजलेलाच राहतो. कातडी मोज्याला चिकटून बसते, आतलं हाड मात्र प्रत्येक पावलाला पुढेमागे सरकतं. या ओढाताणीत कातडीचे थर सुटतात आणि मधे पाणी भरतं. म्हणजे बूट सैल असला तरी फोड येतो आणि घट्ट असला तरी येतो.

बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभराच्या कामानंतर पाय थोडे सुजलेले असतात, प्रदर्शनात दुपारी तसेच होणार आहेत. जो मोजा वापरणार तोच घालून बूट चढवा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा राहायला हवी. त्यानंतर निदान तीन आठवडे ते वापरात येऊ द्या: आधी घरात तासभर, मग बाजाराला जाताना, शेवटच्या आठवड्यात एकदा सलग चार-पाच किलोमीटर. एवढे दिवस हाताशी नसतील तर जुनेच बूट धुऊन, आतला इनसोल बदलून न्या. हा सगळ्यात कमी खर्चाचा आणि बहुतेक वेळा सगळ्यात चांगला उपाय ठरतो.

टाच बुटात वरखाली होत असेल तर नाडी बांधण्याची पद्धत बदला. बहुतेक स्पोर्ट शूजना सगळ्यात वर एक जादा भोक असतं, ते कुणी वापरत नाही. नाडीचं टोक त्याच बाजूच्या त्या भोकात बाहेरून आत घाला, म्हणजे दोन भोकांमध्ये एक छोटी कडी तयार होईल. दुसऱ्या बाजूलाही तसंच करा. मग उजवं टोक डाव्या कडीतून आणि डावं उजव्या कडीतून ओवून खाली ओढा आणि गाठ मारा. बोटांकडचा भाग न आवळता टाच जागेवर बसते.

नखं दोन-तीन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. ताजं कापलेलं नख शेजारच्या बोटाला टोचतं. जिथे नेहमी घासतं तिथे सकाळीच, कोरड्या कातडीवर, मेडिकलमध्ये मिळणारी कागदी चिकटपट्टी लावा. तिला सुरकुती राहता कामा नये, नाही तर तीच घासते. मोजे नायलॉन किंवा लोकरमिश्रित घ्या, आणि एक जोड पिशवीत ठेवून दुपारी जेवताना बदला. चालताना टाच गरम लागायला लागली की लगेच बसून बूट काढा. त्या वेळी लावलेली पट्टी कामाला येते, अर्ध्या तासाने फोडच आलेला असतो. लहान फोड फोडू नका. आपोआप फुटला तर धुऊन, वरची कातडी न ओढता, मलमपट्टी करा.

आम्ही दहा-बारा जण अक्कलकोटहून रात्री जीपने निघतो. थंडी वाजते म्हणून जाड स्वेटर, मफलर, शाल सगळं घालतो आणि दुपारी तेच काखेत धरून फिरावं लागतं. यावर काही तोडगा?
— शेतकरी गट, अक्कलकोट

त्या दिवसांत पुण्याकडे पहाटे १०-१२ अंश आणि दुपारी २८-३० अंश असं हवामान असतं. एवढ्या फरकाला एकच जाड कपडा उपयोगी पडत नाही. सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, आणि वर पातळ विंडचीटर असे चार पातळ थर घ्या. जीपमध्ये थंडीपेक्षा वारं जास्त छळतं, ते विंडचीटर अडवतं, आणि घडी केल्यावर ते तांब्याएवढ्या जागेत मावतं. ऊन चढलं की वरचे दोन थर पिशवीत. शाल, घोंगडी, कानटोप्या नाव लिहिलेल्या एका पोत्यात भरून गाडीतच ठेवा. गाडी तळावर लावली की प्रवेशद्वारापर्यंत चांगलंच चालावं लागतं, ‘लागलं तर परत येऊन नेऊ’ असं धरून काही मागे ठेवू नका.

शर्टाच्या बाह्या पूर्णच हव्यात, दुपारी उन्हासाठी त्या लागतात. पांढराशुभ्र कपडा मुरमाच्या धुळीत तासाभरात मळतो; राखाडी, खाकी, फिका निळा बरा. गांधी टोपीने डोकं झाकतं, पण डोळे आणि कान उघडे राहतात. सोबत एक सुती उपरणं असू द्या: उन्हात डोक्यावरून, धुळीत नाकावरून, जेवताना मांडीवर.

एक गोष्ट न विचारता सांगतो. रात्रभर गाडी चालवून, दिवसभर प्रदर्शन पाहून, पुन्हा रात्री गाडी चालवणारा चालक हा त्या दिवसाचा सगळ्यात मोठा धोका आहे. चालकाचं अंथरूण-पांघरूण सोबत घ्या आणि त्याला दुपारी चार तास झोपू द्या. दोन चालक असतील तर फारच उत्तम.

आमच्या गटातल्या आठजणी पहिल्यांदाच मोशीला जाणार आहेत. आम्हाला साडीचीच सवय आहे, ड्रेस घालायला सांगू नका. साडीत दिवसभर फिरणं जमेल असं काही सांगा.
— महिला गट, म्हसवड

जमेल, न जमायला काय झालं! शेतात तुम्ही साडीतच वाकून काम करता. फरक इतकाच की प्रदर्शनात गर्दी आणि यंत्रं असतात.

साडी सुती किंवा सुती-मिश्र घ्या, खळ न घातलेली आणि जड काठाची नसलेली. पूर्ण सिंथेटिक साडी हलकी असली तरी घाम धरून ठेवते. नेसताना घोट्याच्या तीन-चार बोटं वर ठेवा. लांब साडीचा काठ धूळ गोळा करतो आणि पायऱ्या चढताना मागच्याच्या पायाखाली येतो. निऱ्यांना आतून एक पिन. खांद्यावर पिन लावली तरी पदराचं टोक मोकळं सोडू नका, कमरेला खोचा. हे फार महत्त्वाचं आहे. कडबाकुट्टी, मळणीयंत्र, शेवयायंत्र यांची प्रात्यक्षिकं सुरू असतात आणि पाहायला आपण पुढे वाकतो. फिरत्या पट्ट्यात किंवा चरकात पदर, ओढणी, सुटी वेणी सापडली तर यंत्र बंद करायला वेळ मिळत नाही. चालू यंत्रापासून दोन हात लांब उभ्या राहा आणि केसांचा अंबाडा घाला.

परकराला बारीक नाडा असेल तर तो दिवसभरात कमरेला काचतो, त्याऐवजी दोन बोटं रुंद कापडी पट्टी ओवून घ्या. परकराला आतून चेनचा खिसा शिवून घेतला की पैसे आणि गाडीचं तिकीट सुरक्षित राहतं. मांड्या घासून सोलवटत असतील तर आत गुडघ्यापर्यंतची सुती-लायक्रा चड्डी घाला, किंवा सकाळीच व्हॅसलीन चोळा. पावडर घामात भिजली की तिच्या गुठळ्या होतात आणि जास्त घासतं.

जोडव्यांबद्दल कुणी विचारलेलं नाही, पण त्रास होतो. बंद बुटात जोडवं शेजारच्या बोटावर दाबतं, आणि दुपारी बोट सुजलं की काढताही येत नाही. त्या दिवसापुरती पातळ, सपाट जोडवी घाला, किंवा बोटं मोकळी राहतील असे सँडल घ्या. दागिन्यांत पोत पुरे.

आणि पाणी. स्वच्छतागृहाला रांग असते म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग दुपारी डोकं दुखतं आणि घरी गेल्यावर उन्हाळी लागते. पाणी सोडू नका, वेळा ठरवा: आत शिरल्यावर आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून ठेवा, साडेअकराच्या सुमारास, जेवणाची गर्दी उसळण्याआधी, एकदा जाऊन या, पुन्हा तीनला. अर्धा लिटरची एक रिकामी बाटली, कागदी साबण, टिश्यू आणि दोन सॅनिटरी पॅड प्रत्येकीच्या पिशवीत हवेत, पाळी जवळ नसली तरी.

दरवर्षी पिशव्या भरून माहितीपत्रकं येतात, खांदे दुखतात आणि नंतर ती कुणी वाचत नाही. पण न घेतली तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.
— एक वाचक, तासगाव

हिशेब करून पाहा. माहितीपत्रकाचा गुळगुळीत कागद साधारण १३० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला १३० ग्रॅम. ए-फोर आकाराचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणजे एका कागदाचं वजन सुमारे आठ ग्रॅम. चोवीस पानी पुस्तिकेत असे बारा कागद, म्हणजे जवळपास शंभर ग्रॅम. चाळीस स्टॉलवर एकेक पुस्तिका घेतली की चार किलो झाले, आणि ते बहुधा फुकट मिळालेल्या, बारीक बंदांच्या कापडी पिशवीत. तो बंद बोटात रुततो आणि सगळा भार एकाच खांद्यावर येतो.

आधी पिशवी बदला. दोन पट्ट्यांची, पाठीवरची, वीस लिटरच्या आसपासची सॅक घ्या. जड वस्तू पाठीलगत, हलक्या बाहेरच्या बाजूला. दाट गर्दीत ती पुढे, पोटावर घ्या. सकाळी निघताना तिचं वजन तीन किलोच्या आत ठेवा: एक लिटर पाण्याची बाटली सव्वा किलोपर्यंत जाते, डबा पाऊण किलो, मोजे-उपरणं-विंडचीटर मिळून अर्धा किलो, बाकी वही-पेन-औषधं-पॉवर बँक. भरून झाली की घरच्या काट्यावर ठेवून पाहा. पाठीवर घेऊन अंदाज घेतला तर तो नेहमी कमीच निघतो.

मग कागद. ज्या वस्तूचा तुम्ही या वर्षात खरोखर विचार करणार आहात तिचीच पुस्तिका घ्या. बाकीच्यांचे दोन फोटो पुरेत: एक स्टॉलच्या नावाच्या पाटीचा, नंबर दिसेल असा, आणि लगेच पुढचा त्या वस्तूच्या दरपत्रकाचा. फोटो याच क्रमाने काढले तर घरी गेल्यावर कोणता दर कुणाचा हा घोळ होत नाही. कंपनीच्या माणसाला ‘पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवा’ म्हणा, तो तिथेच पाठवतो. मात्र गर्दीत नेटवर्क रडतं, म्हणून नंबर वहीतही उतरवा. शर्टाच्या खिशात मावणारी वही घ्या आणि प्रत्येक स्टॉलला एकच ओळ द्या: दालन व स्टॉल नंबर, वस्तू, दर, त्यात जीएसटी आहे की वेगळा, पोच कोण करणार, दुरुस्तीला माणूस कोणत्या गावाहून येणार. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि पुढे तोच सगळ्यात महाग पडतो.

जेवायला बसाल तेव्हा सकाळचे कागद चाळून नको ते कचरापेटीत टाका. खरेदी दुपारी तीननंतर करा. सोळा लिटरचा बॅटरी पंप सकाळी दहाला घेतलात तर तो दिवसभर तुमच्यासोबत फिरणार. तोच पंप तालुक्याच्या दुकानात काय भावाने मिळतो हे आधी फोन करून विचारलेलं असेल तर प्रदर्शनातली सूट खरी किती ते कळतं. बियाणं घेतलं तर पावतीवर लॉट नंबर आणि मुदत लिहून घेतल्याशिवाय हलू नका.

डाळिंबाच्या पानांवर डाग आहेत. प्रदर्शनात तज्ज्ञ असतात, तर पानं-फांदी घेऊन जावं का? आणि ट्रॅक्टरचलित ब्लोअरही पाहायचा आहे.
— एक वाचक, सटाणा

डाळिंबाचा डाग आहे, तेल्या (जिवाणूंमुळे होणारा, पसरणारा रोग) असण्याची शक्यता धरूनच चाला, आणि फांदी, फळ काहीही बागेबाहेर नेऊ नका. तिथे शेकडो डाळिंब उत्पादक येतात. एकाच्या हातातलं फळ दहा जण हाताळतात. फोटो न्या, पण नीट काढलेले: पूर्ण झाड, एक फांदी, पान वरून, तेच पान उलटं करून खालून, फळ असेल तर फळ. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलं की डागाचा आकार समजतो. कडक उन्हात न काढता झाडाच्या सावलीत काढा, नाही तर डागाभोवतीची पिवळी कड उडून जाते. सोबत शेवटच्या तीन-चार फवारण्यांच्या तारखा आणि औषधांची नावं. माती आणि पाणी परीक्षणाचे अहवालही फोटो काढून ठेवा. पाण्याचा सामू (पीएच) आणि क्षार माहीत नसतील तर तज्ज्ञाचा सल्ला अर्धाच राहतो.

इतर पिकांचा नमुना न्यायचाच तर प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नका. उन्हात आत वाफ धरते, दुपारपर्यंत पानं कुजतात आणि मूळचा डाग ओळखू येत नाही. डाग नुकता पडलेली आणि डाग वाढलेली, अशी पाच-सहा पानं कोऱ्या कागदाच्या घडीत सपाट ठेवून वहीत दाबा.

ब्लोअरसाठी, म्हणजे पंख्याच्या हवेने फवारणाऱ्या यंत्रासाठी, घरून चार आकडे लिहून न्या: ट्रॅक्टरची एचपी, पीटीओचे, म्हणजे यंत्र फिरवणाऱ्या मागच्या दांड्याचे, मिनिटाला फेरे (बहुधा ५४०), लिफ्टची उचलण्याची क्षमता, आणि बागेतल्या दोन ओळींमधली मोकळी रुंदी. ही रुंदी लागवडीच्या अंतरावरून काढू नका. चौदा फुटांवर लागवड असली तरी फांद्या वाढल्यावर मधे आठ-नऊ फूटच उरतात. फांदीच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा. पाच मीटरची टेप खिशात असू द्या आणि यंत्राची सगळ्यात रुंद जागा स्वतः मोजा. पुस्तिकेत दिलेल्या मापात बाहेर आलेले नोझल धरलेले असतीलच असं नाही.

जेवण घरून न्यावं की तिथेच खावं?
— एक वाचक, शिरूर

घरून न्या. तिथे खाण्याचे स्टॉल असतात, पण एक ते दोनमध्ये रांगेतच पाऊण तास जातो. दशमी किंवा तेल लावून केलेली चपाती, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, कांदा. एवढ्यावर दुपार निघते. बाजरीची भाकरी नेणार असाल तर पूर्ण गार झाल्यावर बांधा, गरम बांधली तर घाम धरून चिवट होते. ओलं खोबरं घातलेली चटणी, दही, रस्साभाजी नको. पहाटे तीनला केलेली रस्साभाजी दुपारी एकपर्यंत दहा तासांची होते, आणि गाडीत ती उन्हात तापलेलीही असते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. छपाईची शाई अन्नात उतरते, अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही तसं बजावलं आहे. सुती फडकं आणि स्टीलचा डबा घ्या. बाराला जेवून घ्या, त्या वेळी जागा मिळते आणि एकला सगळे जेवायला गेले की स्टॉलवर निवांत बोलता येतं.

पाणी दर अर्ध्या तासाने चार घोट. घाम फार आला तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवा. अर्ध्या बाटलीत आख्खं पाकीट घातलं तर क्षार दुप्पट होतात आणि त्याने त्रास होतो.

वडील ७२ वर्षांचे आहेत, मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. यायचंच म्हणतात. नेऊ का?
— एक वाचक, फलटण

त्यांच्या डॉक्टरांना विचारून न्या, पण दिवस त्यांच्या पावलाने आखा. शनिवार-रविवार टाळा. पाऊण तास चालणं, दहा-पंधरा मिनिटं बसणं. घडीचं हलकं स्टूल सोबत घ्या. मांडवात बसायला जागा कमी, आणि स्टॉलवरच्या खुर्चीवर बसलं की ऐकून घ्यावं लागतं आणि विश्रांती होत नाही.

वापरातलं इन्सुलिन पेन थोडे दिवस खोलीच्या तापमानाला चालतं, उन्हातल्या बंद गाडीत मात्र खराब होतं. त्यामुळे ते गाडीत ठेवायचंच नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून, छोट्या डब्यात, सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवा. बर्फाला थेट लावू नका, गोठलेलं इन्सुलिनही वाया जातं. गोळ्यांची चिठ्ठी आणि साखर तपासायचं यंत्र तुमच्याकडे ठेवा, ग्लुकोज मात्र त्यांच्या स्वतःच्या खिशात. घाम फुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं तर आधी तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि मग खाणं. ते गिळू शकत नसतील तर तोंडात काही न घालता प्रथमोपचार केंद्र गाठा. जास्त चालण्याने साखर नेहमीपेक्षा लवकर उतरते, म्हणून जेवणाची वेळ कोणत्याही स्टॉलसाठी पुढे ढकलू नका.

त्यांच्या पायांना संवेदना कमी असेल तर फोड आलेला त्यांना कळणारही नाही. जुनेच, सवयीचे बूट, फिक्या रंगाचे मोजे म्हणजे रक्त किंवा ओल दिसेल, आणि दुपारी व रात्री मोजे काढून तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः पाहा. अनवाणी एक पाऊलही नको.

सहा आणि नऊ वर्षांची मुलं सोबत आहेत. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, चाकण

भडक, एकाच रंगाचे कपडे घाला. पिवळा किंवा केशरी लांबून दिसतो. सकाळी प्रवेशद्वारापाशीच दोघांचा त्या दिवसाच्या कपड्यांत फोटो काढा. हरवलं तर ‘निळा शर्ट की हिरवा’ हे घाबरलेल्या आईबापांना आठवत नाही. तुमचा फोन नंबर मनगटावर पेनने लिहा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, घामाने पुसणार नाही. गळ्यात दोरीचं ओळखपत्र नको, ते यंत्रात अडकतं. तीन वाजेपर्यंत परतीचा बेत ठेवा.

आमच्या बचत गटाला पहिल्यांदा मोठ्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला आहे. लोणची-पापड विकणार. दिवसभर उभं राहायचं तर तयारी काय करावी?
— महिला बचत गट, सावंतवाडी

बचत गटांच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात स्टॉलवर सकाळपासून रात्रीपर्यंत थांबावं लागतं, आणि जागच्या जागी उभं राहणं हे चालण्यापेक्षा कठीण. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात, उभं राहिल्यावर ते काम थांबतं आणि घोटे सुजतात. टेबलाखाली वीतभर उंचीचा पाट ठेवा आणि आलटूनपालटून एक पाय त्यावर टेका, कमरेला लगेच आराम पडतो. पायाखाली दुमडलेलं पोतं नको, रबरी जाड चटई घ्या. चौघी असाल तर दोघी उभ्या, एक बसून बिलं करणारी, एक मोकळी. दर दोन तासांनी बदल. दोन जोड चपला-सँडल आणा आणि दुपारी बदला, दाब वेगळ्या जागी पडतो.

कपडे गटाचे एकसारखे असले तर छानच, पण त्यावर खिशाचा एप्रन हवाच. पैसे एका खिशात, पेन-कात्री दुसऱ्यात. चव देणारीने डोक्याला टोपी आणि हातमोजे घालावेत, आणि पैसे घेणारी वेगळी असावी. गिऱ्हाईक हे बघतं.

स्टॉल बहुधा तीन मीटर बाय तीन मीटरचा असतो. टेबलाला जमिनीपर्यंत पोचणारं कापड लावा, म्हणजे खोकी मागे लपतात. एका स्वतंत्र पेटीत हे सगळं असू द्या: पाच मीटरची एक्स्टेंशन वायर, टेप, कात्री, मार्कर, सुतळी, प्लॅस्टिकच्या बांधायच्या पट्ट्या, पुसायची फडकी, क्यूआर कोडच्या लॅमिनेट केलेल्या दोन प्रती, दहा आणि वीसच्या सुट्या नोटा निदान दोन हजारांच्या, वैधमापन खात्याचा शिक्का असलेला काटा, अन्न परवान्याची प्रत. पहिल्या दिवशी सगळ्यात आधी संपतात त्या सुट्या नोटा. लोणच्याच्या बरण्या घट्ट लावून, झाकणावर चिकटपट्टी फिरवून, उभ्याच भरा. आडव्या पडल्या तर तेल झिरपून पापडाची खोकी आधी खराब होतात, म्हणून पापड वेगळ्या खोक्यात आणि वरच्या थराला.

बारामतीला उभी पिकं शेतात जाऊन पाहता येतात. तिथे वेगळं काय न्यावं?
— एक वाचक, इंदापूर

मोशीचा बहुतेक दिवस मांडवात जातो, बारामतीत तुम्ही खऱ्या वाफ्यांच्या कडेने चालता. जाळीचे हलके स्पोर्ट शूज तिथे नकोत, ठिबकच्या ओल्या जागी पाणी आत जातं. खाचा असलेला तळ हवा, आणि खाचांमुळेच परतल्यावर एक काम वाढतं. त्या खाचांत माती अडकते, मातीबरोबर सूत्रकृमी (मुळांवर गाठी आणणारे सूक्ष्म कृमी) आणि मर रोगाची बुरशी येऊ शकते, आणि तेच बूट दुसऱ्या दिवशी आपल्या पेरूच्या किंवा केळीच्या बागेत शिरतात. जाताना गाडीत एक जुना ब्रश आणि जाड पिशव्या ठेवा. निघण्याआधी बुटांचे तळ खरवडून माती तिथेच झाडा, बूट पिशवीत बांधून घरी आणा, साबणाच्या पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. पाणी बागेच्या पाटात सोडू नका. रोपं विकत आणलीत तर तीही थेट बागेत लावू नका. दोन-तीन आठवडे बागेपासून लांब, वेगळी ठेवा आणि एखादं रोप पिशवीतून काढून मुळांवर गाठी आहेत का ते पाहा.